मिसिंग: आधी सिलिंडर सापडू द्या, मग पार्ट बदला

गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलला, आणि स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला बारीक हिसके बसताहेत. सायलेन्सरच्या तोंडाशी एकसंध आवाजाऐवजी मधूनमधून हुकलेला ठोका ऐकू येतोय. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी ओढत नाही, झटके मारते. ही मिसिंग. कुठल्या तरी सिलिंडरमधला जाळ चुकतोय.

आधी हिसक्यांचा ठेका जोखावा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ७५० आरपीएमवर चालतं तेव्हा क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे एकेका सिलिंडरच्या वाट्याला सेकंदाला सव्वासहा ठोके येतात. एकच सिलिंडर कायमचा बंद पडला असेल तर हिसका त्याच लयीत, घड्याळासारखा येतो. हिसक्यांना ताळतंत्र नसेल, कधी दोन लागोपाठ आणि मग बराच वेळ काहीच नाही, तर दोष बहुधा सगळ्या सिलिंडरांच्या सामाईक गोष्टीत असतो: हवा, पेट्रोलचा दाब, ईजीआर (जळालेला धूर थोडा परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा एखादा सेन्सर. स्कॅनर न जोडताही एवढं कळतं.

चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला असेल तर सवडीने तपासायला हरकत नाही. तोच दिवा लुकलुकत असेल तर सवड नाही. मिसिंग इतकी वाढली आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) खराब होईल, असा त्याचा अर्थ. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एकत्र कन्व्हर्टरमध्ये पोचतात आणि तिथे पेट घेतात. आतली सिरॅमिकची जाळी वितळून धुराची वाटच बुजते. अशा वेळी ॲक्सिलरेटर हलका ठेवायचा आणि शक्य तितक्या लवकर थांबायचं. थांबताना वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या कन्व्हर्टरने खालचं गवत पेटू शकतं.

कोडमध्ये काय असतं

स्कॅनर जोडला की पी०३०१, पी०३०२ असे कोड दिसतात. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी टिकत नाही, वेगवेगळ्या सिलिंडरांत होतेय. पण ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, ठिणगी दिसत नसते. क्रँक सेन्सरवरून तो क्रँकच्या फिरण्याचा वेग मोजतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकला ढकल मिळाली नाही की तेवढ्या भागात तो किंचित मंदावतो, आणि ईसीयू त्या सिलिंडरच्या नावावर एक चूक मांडतो. म्हणजे पी०३०२ चा अर्थ ‘दोन नंबरने जोर लावला नाही’ एवढाच. कारण प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), व्हॉल्व्ह, वायर यांपैकी काहीही असू शकतं. कोड पत्ता देतो, त्या घरात काय बिघडलंय ते दार उघडून बघावं लागतं. कोड वाचून थेट कॉइल मागवणारे इथेच फसतात.

सोबत आणखी कोड असतील तर आधी ते बघा. पी०३५२ म्हणजे दोन नंबरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये दोष, पी०२०२ म्हणजे दोन नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. पी००१६ आला तर कॅम आणि क्रँकची जुळणी चुकतेय. टायमिंग चेन ताणलेली असली तरी तो येतो, आणि मग प्लग बदलत बसण्यात अर्थ नाही.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, लोड किती, कूलंटचं तापमान किती, हे तिथे साठवलेलं असतं. बॅटरी काढली किंवा कोड पुसला की ते जातं. मोफत मिळणारी सगळ्यात मोलाची माहिती हीच, आणि घाईत सगळ्यात आधी तीच पुसली जाते.

कूलंट थंड असताना आयडलिंगला कोड पडला आणि गरम झाल्यावर मिसिंग गेली, तर हवेची गळती, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन किंवा रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपलेला कूलंट यांच्यावर संशय घ्यावा. चढावर, वरच्या गिअरमध्ये, जास्त लोडला पडला तर प्लग आणि कॉइल आधी. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि थकलेली कॉइल तिथेच हात टेकते. गरम इंजिनावर फक्त आयडलिंगला मिसिंग, रेस दिली की सगळं सुरळीत, असं असेल तर टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, तपासायला विसरू नका. पावसाळी हवेत किंवा इंजिन धुतल्यावर सुरू झालेली मिसिंग बहुतेकदा प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, साचलेल्या पाण्याची असते.

अदलाबदल

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या इंजिनात दोष शोधायची सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे पार्ट हलवून बघणं. समजा पी०३०२ आलाय. दोन नंबरची कॉइल तीनवर लावा आणि तीनची दोनवर. दोन नंबरचा प्लग एकमध्ये लावा आणि एकचा दोनमध्ये. इंजेक्टरला हात लावू नका. कोड पुसून, फ्रीझ फ्रेममध्ये होता तसाच लोड आणि तसंच तापमान येईल अशी गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी, पी०३०१ आला तर प्लग. पी०३०२ च परत आला तर दोघेही सुटले. मग इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. एका फेरीत तीन प्रश्नांची उत्तरं मिळतात. कॉइल आणि प्लग दोन्ही एकाच सिलिंडरवर हलवले तर मात्र दोष हलला तरी कोणामुळे हलला ते कळणार नाही.

यात एक खोच आहे. लोडला येणारी मिसिंग गाडी उभी ठेवून तपासली तर येणारच नाही, आणि ‘अदलाबदल केली, बरं झालं’ असा गैरसमज होईल. दुसरं म्हणजे प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर तो प्लग दुसरीकडे लावू नका. ठिणगी आतून न जाता बाहेरून सरपटत गेल्याची ती खूण असते. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बुटाच्या आतही उमटलेली असते. एक बदलला आणि दुसरा तसाच ठेवला तर जुन्यावरची रेघ नव्यावर उमटते, म्हणून प्लग आणि बूट दोन्ही एकदमच बदलायचे. चिनीमाती लोखंडी भागाला भेटते तिथे तपकिरी वळं दिसलं तर घाबरू नका, ते नुसतं डागासारखं असतं आणि त्याने काही बिघडत नाही.

जुनी सवय म्हणजे चालू इंजिनावर एकेक प्लग वायर उपटून बघायची. ती सोडून द्या. वायर लोंबकळत असताना व्होल्टेजला जायला वाट मिळत नाही, कॉइलचं इन्सुलेशन फुटतं, कधी ईसीयूमधलं कॉइल चालवणारं सर्किटही जातं, आणि त्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात राहतं. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढा. पेट्रोलच बंद झाल्याने कन्व्हर्टर सुरक्षित राहतो. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर आरपीएम क्षणभरही पडत नाही, तो आधीच बंद आहे. ‘क्षणभर’ महत्त्वाचं, कारण ईसीयू लगेच थ्रॉटल सावरून आरपीएम पुन्हा वर आणतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनात मात्र हे करू नका, तिथल्या इंजेक्टरच्या तारांत ६५ व्होल्टच्या आसपास दाब असतो.

प्लग

प्लग थंड इंजिनावरच काढायचा. गरम ॲल्युमिनियम हेडमधून काढताना आटे सोबत येऊ शकतात. कॉइल काढल्यावर आधी विहिरीत हवा मारा, नाहीतर तळाशी बसलेली वाळू प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग घट्ट असेल तर थोडा सोडवून आट्यांवर गंजनाशक तेल सोडा, पुन्हा थोडा आवळा, मग सोडवा. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. सरमिसळ झाली की निम्मी माहिती गेली.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चिकट काळा ओलावा म्हणजे ऑइल, रिंगमधून नाहीतर व्हॉल्व्ह सीलमधून. पेट्रोलने ओला पण स्वच्छ प्लग सांगतो की पेट्रोल आलं, ठिणगी पडली नाही. तिथे इंजेक्टर बंद नाही. पांढरं, फोड आलेलं टोक म्हणजे हवा जास्त किंवा टोक फार तापलं. आणि चारांपैकी एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघाला तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरतोय. हेड गॅस्केटची शंका घ्या आणि रेडिएटरची पातळी बघा. पाना तिरका बसून चिनीमातीला गेलेली केसासारखी चीर उघड्या डोळ्यांना सहज दिसत नाही. उजेडात फिरवून बघा.

गॅप बहुतेक पेट्रोल गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो; नेमका आकडा मॅन्युअलचा. इरिडियमच्या प्लगचा मधला काटा सुईइतका बारीक असतो. त्यावर नाण्यासारखं गेज सरकवलं तर तो तुटतो. तारेचं गेज वापरा, आणि गॅप करायचाच असेल तर फक्त बाहेरचा काटा वाकवा.

बसवताना पहिले आटे हातानेच. विहीर खोल असेल तर प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून त्याने फिरवा. आटा चुकला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. वॉशरवाल्या प्लगसाठी ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण आवळणी अशी: १४ मिलिमीटर आट्याला २५ ते ३०, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर १४ मिलिमीटरचा नवा प्लग वॉशर टेकल्यापासून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. निकेलचा मुलामा असलेल्या आट्यांना ग्रीस लावू नये. घर्षण कमी झाल्याने तोच टॉर्क आट्यांना जास्त ताणतो.

कॉइल

कॉइल सहसा आपण होऊन मरत नाही. झिजलेल्या प्लगचा गॅप वाढतो, दर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि काही हजार किलोमीटरमध्ये कॉइलचं इन्सुलेशन हार मानतं. म्हणून मुदत उलटलेल्या प्लगांवर नवी कॉइल बसवणं म्हणजे पुढच्या कॉइलची बेगमी. दुसरा मारेकरी ऑइल. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल प्लगच्या विहिरीत उतरतं, कॉइलचा बूट फुगून मऊ पडतो आणि ठिणगी बाजूने हेडला उडते. विहिरीत ऑइल दिसलं तर आधी पॅकिंग आणि विहिरींचे सील, मग कॉइल. नवा बूट बसवताना आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात पुरतो. स्प्रिंग जिथे टेकते तिथे ते थापायचं नाही.

मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजण्यावर फार विसंबू नये. दोन पिनांच्या साध्या कॉइलमध्ये प्रायमरीचा आकडा एक-दोन ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळतो. पण तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (ठिणगी चालू-बंद करणारं सर्किट) आतच बसवलेला असतो, तिथे ओहमचा आकडा काही सांगत नाही. शिवाय थंड कॉइल मीटरवर उत्तम दिसते आणि गरम होऊन लोड आला की फुटते. मीटरचा खरा उपयोग कनेक्टरवर: चावी चालू असताना बॅटरीएवढं व्होल्टेज येतंय का, अर्थ पक्का आहे का. पिन सैल असेल, क्लिप तुटलेली असेल तर कॉइल बदलूनही मिसिंग तशीच राहते.

पेट्रोल

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली की टकटक ऐकू येते. एकाची टकटक गायब असेल तर त्याचा कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजा. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकच्या वाटेत फवारणाऱ्या) बहुतेक इंजेक्टरचा ११ ते १६ ओहम येतो, आणि चारांत फरक नगण्य असायला हवा. टकटक येतेय पण सिलिंडर बंदच, तर तोंड चोंदलेलं असेल. अदलाबदल इथेही चालते, फक्त ओ-रिंग नव्या लावाव्यात आणि लावताना त्यांना ऑइलचा थेंब द्यावा. रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये दाब साधारण ३ ते ४ बार असतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तो शंभर-दोनशे बारपर्यंत जातो, ती लाइन घरी उघडायची वस्तू नव्हे.

हवा, आणि फ्युएल ट्रिमची फसवणूक

पी०३०० आणि पी०१७१ जोडीने आले तर स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज करा. ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा. दहा टक्के वर-खाली चालतं. आयडलिंगला अधिक पंचवीस आणि २५०० आरपीएमवर अधिक चार असेल तर कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. आयडलिंगला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, म्हणून गळतीचा वाटा मोठा ठरतो. रेस दिली की तोच वाटा किरकोळ होतो. उलट लोडबरोबर ट्रिम वाढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप किंवा मळलेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर.

आता फसवणूक. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधून पेट्रोलबरोबर अख्खा ऑक्सिजनही बाहेर येतो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू सगळ्याच सिलिंडरांना जास्त पेट्रोल द्यायला लागतो. म्हणजे बिघडलेल्या कॉइलमुळेही ट्रिम वाढलेली दिसते आणि माणूस हवेची गळती शोधत बसतो. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर ठिणगीची बाजू निस्तरल्याशिवाय ट्रिमवर विश्वास ठेवू नका. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड गळत असला तरी हीच गंमत होते.

गळती नेहमीच्या जागी सापडते: इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) तडकलेली नळी, ब्रेक बूस्टरची नळी. ब्रेक दाबल्यावर आयडलिंग बदलत असेल तर बूस्टर. मॅनिफोल्डचं पॅकिंग एकाच वाटेपाशी फाटलं असेल तर कोडही एकाच सिलिंडरचा येतो, फक्त आयडलिंगला. सगळ्यात चांगली तपासणी धूर सोडून. कार्ब क्लीनर फवारायची पद्धत सर्रास आहे, पण तो भडकतो आणि शेजारी तापलेला मॅनिफोल्ड असतो. कॉइलपासून दूर, जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून आयडलिंग बदलतं का पाहणं कमी जोखमीचं.

कॉम्प्रेशन

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा ठीक आहे, तरी सिलिंडर बंद, तर गेज काढायची वेळ झाली. इंजिन कोमट, सगळे प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा ठोके द्या. धडधाकट पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळतात. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक बघा, १५ टक्क्यांच्या वर गेला की काळजी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, ५ मिलिलिटर, ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर दोघांमधलं हेड गॅस्केट गेलंय.

सीएनजी गाड्यांत ही पायरी लवकर येते. सीएनजीच्या कोरड्या ज्वलनात व्हॉल्व्ह सीटात रुततो, टॅपेटचा गॅप संपत जातो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजही लागतं. त्यामुळे फक्त सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर सुरळीत असेल, तर गॅस किटला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल तपासा. तेवढ्याने भागतं असं पुष्कळदा होतं. दोन्हीवर सारखीच मिसिंग असेल तर दोन्हींचे इंजेक्टर सुटले, राहिले ठिणगी आणि व्हॉल्व्ह.

काम झाल्यावर कोड पुसून फ्रीझ फ्रेममधल्या त्याच परिस्थितीत गाडी चालवा आणि पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेले, कोड बघा. दिवा लागण्याआधी चूक तिथे दिसते. मिसिंग अंगावर काढून गाडी बराच काळ चालवली असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी भरल्यापेक्षा वर गेली असेल तर न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ झालंय. ऑइल आणि फिल्टर मुदतीची वाट न बघता बदला. आणि मिसिंग गेली तरी काही दिवसांनी पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आला, तर मधल्या काळात कन्व्हर्टर भाजला असण्याची शक्यता आहे. तो मागवण्याआधी सायलेन्सरचे जोड गळत नाहीत ना, एवढं बघून घ्या.